नदीकडचा कोपरा

घर बांधणाऱ्या माणसानं भित्रं असावं, असं माझं अनुभवाचं मत आहे. धाडसी माणसांनी विहिरी खणाव्यात, निवडणुका लढवाव्यात. पण ज्यात लोकांना निवांत झोपायचंय ते घर बांधणाऱ्याच्या पोटात कायम गोळा असलेला बरा. माझ्या पोटात तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून होता आणि निवृत्त झाल्यावरही पुरता गेलेला नाही. परवा कराडजवळच्या आमच्या मलकापुरातच एका ओळखीच्या घरी जेवायला गेले होते. पानं वाढून होईपर्यंत त्यांच्या तुळईखालची भेग कुठून कुठवर गेलीय ते माझं बघून झालं होतं. यजमानीणबाईंना वाटलं मी जळमटं बघतेय. दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्या झाडू घेऊन स्टुलावर चढल्या असणार.

मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत घरकुलांची अभियंता होते. घरकुल म्हणजे सरकारी मदतीतून गरीब कुटुंबाला मिळणारं छोटं पक्कं घर. एक खोली, स्वयंपाकाची जागा, मागे न्हाणी. बांधतं ते कुटुंबच, गावातला गवंडी धरून. आमच्यासारख्यांनी जाऊन पाया, खांब, स्लॅब तपासायचा, फोटो घ्यायचा आणि 'पास' म्हणायचं. आम्ही पास म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, त्यामुळे लोक आम्हाला तोंडावर चहा देतात आणि पाठीमागे शिव्या देतात. दोन्ही मी भरपूर घेतलं.

आमच्या या पट्ट्यात भीतीला दोन गावं आहेत. वर कोयनेच्या खोऱ्यात जमीन हलते आणि खाली कृष्णाकाठी पाणी चढतं. वरच्या घराची काळजी वेगळी, खालच्या घराची वेगळी. वरचं उदाहरण आधी सांगते, कारण माझं नाव तिथूनच झालं.

पाटणच्या डोंगरात एका घराचे खांब उभे राहत होते. खांबाच्या उभ्या सळ्यांना ठराविक अंतरावर लोखंडी रिंगा बांधतात. रिंगेची दोन्ही टोकं आत, खांबाच्या पोटाकडे वळवायची असतात. गवंडी ती वळवत नाहीत, नुसती काटकोनात दुमडतात, कारण हाताला सोपं जातं. एरवी काहीच फरक पडत नाही. जमीन हलली की मात्र अशी रिंग उघडते. पोत्याच्या तोंडाला सुतळी गुंडाळली आणि गाठ मारायची राहिली, तसं ते होतं. मी सांगून आले होते, तरी परत जाईपर्यंत एका खांबात काँक्रीट भरून मोकळे झाले होते. मी घण मागवला आणि समोर उभं राहून तो खांब फोडायला लावला. आतल्या रिंगा बघितल्या, तशाच दुमडलेल्या होत्या. घरमालक रडकुंडीला आला, गवंड्यानं अवजारं उचलली, गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून मला 'घणवाल्या मॅडम' म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. गाडीवरून उतरले की सेंट्रिंगवाले सरळ उभे राहायचे. धाक असला की काम चोख होतं, असं मी नव्या पोरापोरींना छातीठोक सांगायची.

पुढे माझी बदली सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या तालुक्यात झाली. तिथल्या एका गावात शालन नावाच्या बाईच्या नावावर घरकुल मंजूर झालं होतं. तिचा नवरा शिवाजी विट्याच्या एका माणसाच्या गलाई दुकानात, तिकडे दक्षिणेत कुठेतरी कामाला होता. आपल्या भागातली माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात हे वाचकांना माहीत असेलच. शिवाजीचं स्वतःचं दुकान नव्हतं, तो भट्टीवरचा कामगार. वर्षातून एकदा रजेवर यायचा. त्यामुळे घराचं सगळं बघायचा त्याचा थोरला भाऊ आनंदा. सहा फुटी गडी, ऊसतोडीनं खांदे झुकलेले, बोलायला कमी. शेजारीच त्याचं मातीचं जुनं घर होतं.

जागा नदीपासून दोन शेतं सोडून. जमीन काळी. काळ्या मातीवर ऊस झकास येतो, घर मात्र येत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसून भेगाळते आणि घराला वरखाली करत राहते. म्हणून खांबाचा खड्डा काळी माती संपून पिवळा मुरूम लागेपर्यंत खणावा लागतो. शिवाय शाळेच्या भिंतीवर मागच्या पुराची खूण रंगवून ठेवली होती, तिच्यापेक्षा हातभर उंच जोतं घ्यायचं. बाहेरून जिना, वर सपाट स्लॅब, म्हणजे वेळ आली तर वर जाता येईल. हे सगळं मी शालनला काठीनं जमिनीवर रेघा ओढून समजावलं. ती खाली बसून नीट ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, की मॅडम, हे घर वाहून तर जाणार नाही ना? तिचं माहेरचं घर पुरात गेलं होतं. मी म्हटलं, मी पास केलेलं घर कुठेही जात नाही.

एकूण सहा खांब, सहा खड्डे. शनिवारी मी गेले तेव्हा काही खड्ड्यांत मुरूम दिसू लागला होता, काहींत यायचा होता. आदल्या दोन दिवसांच्या पावसानं खणणं रेंगाळलं होतं. पायाभरणीची पूजा रविवारी सकाळी होती. जोडप्यानं जोडीनं पूजा करायची, पहिलं पाटीभर काँक्रीट जोडीनं टाकायचं, आणि शिवाजीची परतीची गाडी रविवारी संध्याकाळची. मी बजावलं, मुरूम दिसल्याशिवाय एकही खड्डा भरायचा नाही, पूजा हवी तर काँक्रीट न टाकता मोकळ्या खड्ड्यात करा. हणमंत गवंडी 'व्हय मॅडम, व्हय मॅडम' करत होता. त्याचं 'व्हय' जास्त झालं की मला शंका यायची, पण त्या दिवशी घाई होती.

रविवारी मी जायला हवं होतं. गेले नाही. रहिमतपूरला माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता आणि मी मावशी, म्हणजे मिरवायचा हक्क. हणमंताला म्हटलं, प्रत्येक खड्ड्याचा फोटो पाठव, आत माणूस उभा करून, म्हणजे खोली कळेल. माणूस उभा करून फोटो काढायची ही पद्धत आम्हीच पाडली होती. मोजपट्टी फोटोत दिसत नाही, माणूस दिसतो. मांडवात जिलबीचं ताट हातात असताना फोनवर सहा फोटो आले. प्रत्येकात आनंदा खड्ड्यात, काठ त्याच्या छातीला लागलेला. आनंदाची उंची मला ठाऊक होती. छातीपर्यंत म्हणजे भरपूर झालं. मी एका हातानं ताट सांभाळत दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं 'ओके' पाठवलं.

घर छान झालं. वरचं सगळं काम मी समोर उभं राहून करून घेतलं, रिंगांची आत वळवलेली टोकं मोजून घेतली, विटा भिजवल्यात का हे बोट लावून बघितलं. वास्तुशांतीला शालननं मला साडी नेसवली. पाच-पन्नास लोकांसमोर मी भाषणच ठोकलं. पूर आला तर मातीच्या घरात थांबू नका, या घराच्या स्लॅबवर या, हे घर हलणार नाही, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्यानंतर दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्या वर्षी पाऊस लागला तो उघडेचना. कराड-मलकापुरात राहणाऱ्याला एक गोष्ट न शिकता कळते. आमच्या पुलाखालून आज जे पाणी जातं, ते उद्या खालच्या गावांच्या दारात असतं. मी सकाळी पुलावर गेले तर पोलीस कुणाला थांबू देत नव्हते. पाण्याचा रंग बघितला आणि तिथूनच मागे फिरले. खाली माझी चाळीसेक घरं होती. घरी येऊन एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. शालनच्या गावातून दुसऱ्या दिवशी निरोप आला. पाणी शाळेवरची खूण ओलांडून वर गेलंय, आनंदाचं मातीचं घर बसलंय, आणि भोवतालच्या तीन घरांतली माणसं शालनच्या स्लॅबवर चढलीत. सतरा माणसं, दोन शेळ्या, धान्याची पोती. सांगणारा उलट मलाच धीर देत होता. म्हणाला, मॅडम, तुमचंच घर हाय, काळजी नका करू.

काळजी करायची नाही म्हणून मी जुने फोटो उघडले. खरंच, स्वतःची समजूत घालायलाच. पाया किती खोल आहे ते एकदा डोळ्यांनी बघावं आणि चहा घ्यावा. पाच फोटो बघितले, खड्ड्याच्या तळाशी पिवळी कड दिसत होती. सहावा नदीकडच्या कोपऱ्याचा. तो मी फोनवर बोटांनी मोठा केला. खड्ड्याची भिंत वरपासून खालपर्यंत काळीशार. आणि आनंदाच्या शेजारी खड्ड्यात पहार उभी टेकवलेली होती. ती पहार मी त्या कामावर रोज बघितली होती, आनंदाच्या खांद्याला लागायची. फोटोत ती त्याच्या डोक्याच्या वर गेली होती.

पहार वाढत नाही. माणूस खाली गेला होता.

माझ्या यजमानांनी विचारलं काय झालं, मी तो फोटोच त्यांच्यापुढे धरला. शालनचा फोन बंद होता. आनंदाला लावत राहिले, दुपारी बाराच्या सुमारास एकदाचा लागला. मागे पाण्याचा आवाज, शेळी ओरडत होती.

मी विचारलं, "आनंदराव, नदीकडच्या खड्ड्यात फोटो काढताना तुम्ही उभे होता का?"

शेळीला गप्प करायला त्यानं कुणालातरी सांगितलं.

मग म्हणाला, "न्हाई मॅडम. गुडघं टेकलं हुतं. बाकी पाचात मुरूम लागला, त्या कोपऱ्याला लागंना. खाली पाणी सुटलं. मुहूर्त टळत हुता, शिवाची गाडी हुती संध्याकाळी. जोडीनं पूजा करायची ऱ्हायली असती तर पुन्हा वरीसभर घर थांबलं असतं."

त्याला रागवायची वेळ नव्हती, आणि मला राग आला तो त्याच्यापेक्षा माझाच. जिलबीचं ताट डोळ्यांसमोरून हलेना. मी शक्य तेवढ्या शांतपणे सांगितलं की सगळी माणसं, शेळ्या, पोती जिन्याच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूला घ्या. नदीकडच्या कोपऱ्यावर कुणी बसायचं नाही. कठड्याच्या त्या कोपऱ्यात कुठे भेग दिसते का बघा. तो बघून आला. केसाएवढी आहे म्हणाला. मी म्हटलं, तिच्या दोन्ही टोकांना कोळशानं, विटेच्या तुकड्यानं, मिळेल त्यानं खूण करा आणि लांबली किंवा रुंदावली की लगेच फोन करा. बाकीच्यांना काय सांगू, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मॅडमनं वजन वाटून घ्यायला सांगितलंय म्हणा. घाबरलेली माणसं एकदम एका बाजूला धावली असती तर वेगळंच संकट उभं राहिलं असतं.

मग मी तालुक्याच्या पूर कक्षाला फोन लावला. बोटी मोजक्या होत्या. फोनवरच्या कारकुनानं यादी बघून सांगितलं, की ती सतरा माणसं पक्क्या घराच्या स्लॅबवर आहेत, सुरक्षित आहेत, आधी झाडावरची आणि पत्र्यावरची माणसं काढायची आहेत, यांचा नंबर उद्या. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. ते घर सुरक्षित आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं? माझ्या सहीच्या कागदानं. माझा 'पास' त्यांच्या जिवावर उठला होता.

गोल गोल बोलायचा मी प्रयत्न केला हे कबूल करते. जमीन खचण्याची शक्यता आहे, खबरदारी म्हणून वगैरे. कारकून कंटाळून फोन ठेवायला लागला. तेव्हा मी म्हणाले, "लिहून घ्या. हे घर मी पास केलंय. त्याचा एक पाया कच्चा आहे. पाया न बघता मी पास केलंय."

त्यानं माझं नाव आणि हुद्दा दोनदा विचारून लिहून घेतला. मग त्याचा आवाजच बदलला. बोट वळवतो म्हणाला.

ती दुपार मी कशी काढली ते लिहिता येणार नाही. देवापुढे बसून बघितलं, उठले, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तीनला आनंदाचा फोन आला की भेग विटेच्या खुणेच्या पुढे गेलीय, करंगळीचं टोक बसतंय. मी बोट निघाली म्हणून सांगितलं, खरं तर ती निघाली की नाही मला माहीत नव्हतं. साडेपाचला पुन्हा फोन वाजला तेव्हा उचलायचा धीर होईना, यजमानांनीच उचलला. बोट आली होती. दोन खेपांत सगळी उतरली. आनंदा शेवटी उतरला आणि शेळ्यांसाठी बोटवाल्याशी भांडला, एवढंच मला कळलं. मी मोठ्यानं रडले.

घर पडलं नाही. हेही सांगायलाच हवं. पाणी ओसरल्यावर गावातली माणसं मला चिडवायची, मॅडम उगाच भ्याल्या, घर तर जागेवर हाय. जागेवर होतं, पण नदीकडचा कोपरा बोटभर खाली बसला होता आणि तिथून भिंतीवर तिरपी भेग गेली होती. पाणी आणखी एक दिवस राहिलं असतं तर काय झालं असतं हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. माझ्यावर चौकशी बसली. मी जे फोनवर सांगितलं तेच लेखी दिलं. निवृत्तीच्या कागदांवर एक शेरा बसला, तो आहे. हणमंत गवंडी माझ्यासमोर यायचं टाळत होता. त्याला मी बोलावून घेतलं आणि तो कोपरा त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतला.

जमीन वाळल्यावर स्लॅबला आतून लोखंडी टेकू दिले. मग खांबाच्या एकेका बाजूनं थोडं थोडं खणत, मुरूम लागेपर्यंत गेलो. घाई केली असती तर खांबच खाली आला असता. शिवाजी रजा काढून आला होता, दोघे भाऊ मिळून खणत होते. मुरूम लागला तेव्हा हणमंतानं मला हाक मारली. मी शिडीवरून उतरले, हातानं माती उकरली, पिवळा चुरा मुठीत घेऊन बघितला, मग भरा म्हटलं. या वेळी पूजेचं नाव कुणी काढलं नाही.

काम संपलं त्या दिवशी शालननं जेवायला थांबवलं. भाकरी, आमटी, घरचं दही. आत बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खोलीच्या नदीकडच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. ट्रंक नाही, अंथरुणाची वळकटी नाही, देव नाहीत. एवढ्याशा खोलीत ती चौकोनी जागा मोकळी, आणि बाकी सगळं सामान दुसऱ्या बाजूला खच्चून भरलेलं. पूर येऊन गेल्यामुळे असेल म्हणून मी विचारलं, की घाबरून हलवलंस का सामान?

ती म्हणाली, "पुरानं न्हाई. पहिल्यापास्नंच हाय तसं. मला ठाव हुतं की मॅडम. भावजींनी गुडघं टेकलं तवा मी पूजेचं ताट घेऊन वर उभी हुते. त्या कोपऱ्यात मी कवा झोपले न्हाई, पोरास्नीबी झोपू दिलं न्हाई."

मी विचारलं, तीन वर्षं? मला का नाही सांगितलंस?

"तुमी फोडायला लावलं असतं," ती म्हणाली. "तुमचं नाव ऐकून हुतो आमी. घर पडंल का न्हाई ते देवाला ठाव, पर तुमी पाडलं असतं ते मला ठाव हुतं."

तिनं ते रागानं म्हटलं नाही, दही वाढता वाढता म्हटलं. ती म्हणाली ते खरं होतं. मी नक्की पाडायला लावलं असतं, आणि गावोगाव ती गोष्ट सांगत फिरले असते. कोपरा तेवढाच दुरुस्त करता येतो हे मला तेव्हाही माहीत होतं, पण तसं मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. ज्या बाईसाठी मी हे घर बांधून घेतलं, ती तीन वर्षं त्या घरात एक कोपरा सोडून, अंग चोरून राहिली, आणि तिला नदीइतकीच माझीही भीती वाटत होती. मला फार लाज वाटली. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, जेवा आधी.

ताटं उचलून झाल्यावर ती दारात उभी राहून त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, आता झोपू का तिथं?"

मुरूम मी हातात घेऊन बघितला होता. काँक्रीट माझ्यासमोर भरलं होतं. तरी 'हो' म्हणायला मला वेळ लागला. हो म्हटलं, पण माझ्या शब्दावर तिनं आता का विश्वास ठेवावा, हे मलाच कळेना. म्हणून मी तिच्याकडून सतरंजी मागून घेतली, त्या कोपऱ्यात टाकली आणि भर दुपारी पाटीलकी केल्यासारखी आडवी झाले. बाहेर दोघे भाऊ अवजारं धूत होते. शालन थोडा वेळ उभीच राहिली. मग आली, माझ्या पलीकडे भिंतीला लागून पडली आणि पदर तोंडावर घेतला. पाच मिनिटांत ती घोरायला लागली. मी मात्र डोळे उघडे ठेवून स्लॅबकडे बघत होते आणि तिला उठवायचं नाही म्हणून कूसही बदलली नाही.